कुठल्याही किल्लीची गाडी

तात्यांची मोपेड चोरीला गेली बारामतीत, बाजारच्या दिवशी, भर दुपारी. नायट्रोजन भरून मिळतो तिथं ते रिकामी टाकी घेऊन आत गेले आणि भरलेली टाकी घेऊन बाहेर आले, तेवढ्या वेळात. आत रांग होती, अर्धा तास गेला असेल. गाडीला कुलूप होतं. हँडल आडवं करून लॉक केलेलं होतं. किल्ली खिशात होती. ही तीन वाक्यं मी नंतर इतक्या कागदांवर लिहिली की झोपेतही म्हणून दाखवीन. तिसऱ्या वाक्याबद्दल मी तात्यांना एक प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला नाही, आणि त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहिते आहे.

तात्या माझ्या नात्यातले नाहीत. ते अंथुर्ण्याचे, आणि आसपासच्या आठ-दहा गावांत गाई-म्हशी भरवायचं काम करतात, म्हणजे कृत्रिम रेतनाचं. गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या नायट्रोजनच्या टाकीत ठेवायच्या, टाकी गाडीला बांधायची आणि निरोप येईल तिकडं जायचं. सकाळी गाय माजावर आली तर संध्याकाळपर्यंत तिच्यापर्यंत पोचावं लागतं. उशीर झाला की पुढचे तीन आठवडे गाय रिकामी आणि मालक चिडलेला. त्यामुळं या धंद्यात कसब हाताचं असलं तरी धंदा चालतो चाकांवर.

आमच्या ग्राहक संघटनेचं कार्यालय म्हणजे बारामतीतल्या एका छापखान्याच्या माडीवरची खोली. मी काटेवाडीहून रोज माझ्या मोपेडवर तिथं यायचे. आमचे सर, म्हणजे संघटना चालवणारे निवृत्त शिक्षक, यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं होतं: एक अन्याय, एक मागणी, आणि विशेषणं शक्यतो नकोत. विशेषणांच्या बाबतीत मी नापासच व्हायचे. खताच्या पोत्याच्या वजनावरचं आमचं पत्रक अंथुर्ण्यापर्यंत पोचलं होतं, ते वाचूनच तात्या त्या दिवशी जिना चढून वर आले. हातात टाकी, तोंडावर घाम. टाकी त्यांनी फरशीवर हळूच ठेवली आणि म्हणाले, "ताई, गाडी गेली."

मी त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी कागद पुढं ओढला, नाव-गाव लिहिलं, मग कंपनी आणि मॉडेल विचारलं. ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, तुमची गाडीबी तीच ना? ती भायेर हाय ती?"

"हो."

"चला."

अंगणात येऊन त्यांनी स्वतःच्या खिशातली किल्ली काढली, माझ्या मोपेडला लावली, जराशी बाहेर ओढून फिरवली. हँडल सुटलं. त्यांनी पायडल मारलं, गाडी सुरू झाली.

"ही माझ्या घरच्या गाडीची किल्ली," ते म्हणाले. "आता सांगा, आमी कुणाकुणाला धरायचं?"

अंगणात चार-पाच माणसं उभी होती, ती हसली. तात्याही हसले. मला ते खटकलं, पण धक्का बसल्यावर माणूस असं हसतो अशी मी स्वतःची समजूत घातली. तक्रार नीट लिहून घेतली गेली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणानं. दोन वर्षं मी ती गाडी रोज कुलूप लावून उभी करत होते, आणि मी जे लावत होते ते कुलूप नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काटेवाडीच्या दूध संकलन केंद्रावर गेले. सकाळच्या धारा काढून माणसं किटल्या घेऊन तिथं येतात आणि तिथं त्या कंपनीच्या मोपेड ओळीनं उभ्या असतात. मी सगळ्यांना सांगून माझी किल्ली ओळीतल्या सात गाड्यांना लावून पाहिली. पाच गाड्या उघडल्या. सहावीला किल्ली अर्धी फिरली, तर तिचा मालक म्हणाला, "जरा वर उचलून फिरवा, मंग व्हतंय." वर उचलून फिरवली. झालं.

मला वाटलं होतं माणसं चिडतील. एकही जण चिडला नाही.

"ह्यात नवं काय हाय?" एक जण म्हणाला. "माझी किल्ली गेल्या दिवाळीला हरवली. शेजाऱ्याच्या किल्लीवरनं दुसरी करून घेतली, चालतीय की."

"कंपनीनं सोय केलीया," दुसरा म्हणाला.

किटली धरून उभ्या असलेल्या एका मावशींनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात न्यायचं होतं, मुलगा गावाला गेलेला. शेजारच्याची गाडी दारात होती आणि शेजारी रानात. घरची किल्ली लावली, गाडी काढली, दवाखाना गाठला. "पोरगी झाली," मावशी म्हणाल्या. "तुमी तक्रार-बिक्रार करू नका बाई. मंग कंपनी कुलपं बदलंल."

मी हे सगळं ऐकलं आणि वहीत फक्त सात गाड्या, सहा उघडल्या, एवढं लिहिलं. दुपारी सरांनी विचारलं, "लोक काय म्हणाले?"

"संतापलेत," मी म्हणाले.

असं सरळ खोटं मी त्याआधी सरांशी कधी बोलले नव्हते, आणि बोलले तेव्हा ते मला खोटं वाटलंही नाही. लोकांनी संतापायला हवं होतं. नाही संतापले तर मी त्यांच्या वतीनं संतापायचं, हेच तर काम, असं मला वाटत होतं. पत्रक पिवळ्या कागदावर छापलं. मथळा होता, 'चोराला किल्ली कुणी दिली?' पुढच्या बाजारच्या दिवशी मी ते मार्केट यार्डाच्या फाटकाशी आणि एसटी स्टँडवर वाटलं.

कंपनीला नोटीस पाठवली, तिचं उत्तर इंग्रजीत आलं. मथितार्थ असा: चोरी हे चोराचं कृत्य आहे, कंपनीचं नाही. गाडीसोबत दिलेल्या पुस्तिकेत मालकानं जादा साखळी-कुलूप वापरावं असं सुचवलेलं आहे. मी माझी पुस्तिका शोधून काढली. शेवटून दुसऱ्या पानावर, इंजिन ऑइलच्या माहितीखाली ते वाक्य होतं. तेही इंग्रजीत.

तेव्हा जे मला वाटलं ते आजही वाटतं, म्हणून मांडते. चोर गुन्हेगार आहे, याबद्दल वाद नाही. सापडला तर त्याला शिक्षा व्हावी. पण गाड्यांच्या आख्ख्या गठ्ठ्याला मोजक्या चार-सहा किल्ल्या पुरवायच्या, हा निर्णय काही बारामतीच्या बाजारात फिरणाऱ्या चोरानं घेतलेला नाही. तो कारखान्यात कुणीतरी टेबलाशी बसून, स्वस्त पडतं म्हणून घेतला. बंद न होणारी तोटी विकली तर दुकानदार परत घेतो. बंद न होणारं कुलूप मात्र गाडीला लावून विकता येतं, आणि गाडी गेली की साखळी का लावली नाही म्हणून मालकालाच विचारता येतं. कंपनीला स्वतःलाच आपल्या कुलपाचा भरवसा नव्हता. असता तर पुस्तिकेत साखळी कशाला आली असती? आणि तसं होतं तर जाहिरातीत लॉकचं चित्र कशाला?

पुण्याच्या ग्राहक मंचात तक्रार घालायची ठरलं. तात्यांच्या गाडीचा विमा चोरीचा नव्हता, फक्त समोरच्याच्या नुकसानीचा होता, तेव्हा दाद मागायची ती कंपनीकडंच. प्रतिज्ञापत्र मी लिहिलं. चार पानं झाली. त्यात एक वाक्य होतं: 'सदर वाहनाचे कुलूप अन्य किल्लीने उघडते याची मला यत्किंचितही कल्पना नव्हती.' हे वाक्य मी तात्यांना न विचारता लिहिलं. मला नव्हती तर त्यांनाही नसणार, असा हिशेब. सही घ्यायला अंथुर्ण्याला गेले तर ते घाईत होते. कुठं, एवढंच विचारलं, आणि मी दाखवलं तिथं सही केली.

त्या वेळी ते सायकलवर फिरत होते. टाकी कॅरियरला ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली. मी त्यांच्याबरोबर एका वस्तीवर गेले, तर गोठ्यातल्या बाईंनी आम्हाला बघून दावं पुन्हा खुंट्याला गुंडाळलं.

"तात्या, तुमाला निरोप धाडला काल सकाळी," त्या म्हणाल्या. "तुमी येस्तवर गायच इसरून गेली कशापायी बोलावलं व्हतं त्ये."

"मंग आता काय करू म्हणता?"

"च्या घ्या आन जावा. फुडल्या बारीला त्या मोटरसायकलवाल्याला बोलावते. राग मानू नका."

तात्यांनी चहा घेतला. परत येताना म्हणाले, "पाच गावं गेली ताई. मोटरसायकलवाला हुशार न्हाय, पन येळेवर येतो." तक्रारीत मागितलं होतं ते एवढंच: गाडीच्या बदली गाडी.

सुनावणीला आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. माझ्या पिशवीत वही, पत्रकं आणि माझी किल्ली. पुण्यात मंचाच्या खोलीत पंखे आवाज करत होते आणि कंपनीचे वकील हळू आवाजात बोलत होते. त्यांचं म्हणणं पत्रातलंच होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, की बोलण्यापेक्षा दाखवते. खाली अंगणात त्या कंपनीची एक मोपेड उभी होती, येतानाच पाहून ठेवली होती. ती तिथल्याच एका कारकुनांची निघाली. अध्यक्षांनी त्यांची परवानगी घेतली आणि मंचाच्या दोन्ही सदस्यांसह ते खाली उतरले. मी किल्ली लावली, जराशी बाहेर ओढली, फिरवली. हँडल सुटलं.

कारकून म्हणाले, "साहेब, मी उद्यापासून सायकल आणतो."

अध्यक्षही हसले. वर जाताना मला वाटलं, जिंकलो. पत्रकाचा मथळाही डोक्यात तयार झाला होता.

वर आल्यावर अध्यक्षांनी फाईल बंद केली आणि सहज विचारावं तसं तात्यांना विचारलं, "गाडी नाही म्हणता, मग आता कामाला फिरता कसे?"

"सायकल हाय. लांब जायचं असंल तर गावातली कुनाची तरी गाडी घेतो."

"लोक देतात?"

"घरी असतील तर सांगून. नसतील तर आल्यावर सांगतो."

"मग किल्ली?"

"माझीच की." तात्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. "हीच."

कंपनीच्या वकिलांनी मान वर केली.

"ही तुमच्या चोरीला गेलेल्या गाडीची?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाय साहेब. त्या गाडीची हिरीत पडली, दोन वर्सं झाली. ही माझ्या मेव्हण्याच्या गाडीची. पन चालत व्हती तिला."

"म्हणजे दुसरी किल्ली लागते हे तुम्हाला माहीत होतं."

"व्हय. समद्यांना माहीत हाय."

अध्यक्षांनी फाईल पुन्हा उघडली, प्रतिज्ञापत्राचं तिसरं पान काढलं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "सही माझी हाय."

मी उभी राहिले. वाक्य मी लिहिलं, असं सांगितलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, की प्रतिज्ञा ज्याची असते, जबाबदारी त्याची असते. मला खाली बसायला सांगितलं.

स्वारगेटला एसटी लागायला वेळ होता. मी तात्यांवर चिडले होते हे लपवत नाही. "का सांगितलंत?" मी म्हणाले.

"इचारलं म्हणून."

"प्रतिज्ञापत्रात काय लिहिलंय ते वाचलं होतंत ना?"

"चार पानं? गाय खोळंबली व्हती माझी त्या दिवशी." मग म्हणाले, "ताई, तुमी मला आधी इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं. तुमी कधी इचारलंच न्हाय."

कुठलीही किल्ली चालते हे सगळ्या काटेवाडीनं मला सांगितलं होतं आणि मी ते वहीत येऊ दिलं नव्हतं. सरांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, 'संतापलेत' हे खोटं होतं तेही. सर रागावले नाहीत. "पुढचं पत्रक मी लिहितो," एवढंच म्हणाले. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

निकाल पोस्टानं आला. तक्रार फेटाळली. कुलूप असायला हवं तसं नाही, हे मंचानं मान्य केलं होतं. पण तक्रारदाराला तो दोष आधीपासून ठाऊक होता, त्याचा तो स्वतः फायदा घेत होता आणि प्रतिज्ञेवर त्यानं हे लपवलं, म्हणून भरपाई नाही. ज्यानं त्यानं आपला खर्च सोसावा.

मी तो निकाल अनेकदा वाचला आणि एका गोष्टीवर अडून राहिले. लपवलं ते चूक. ती चूक माझी. पण ठाऊक होतं म्हणून कंपनी सुटते कशी? तात्यांना ठाऊक होतं, मावशींना, हवालदारांना ठाऊक होतं. ठाऊक असणाऱ्या या सगळ्यांपैकी ते कुलूप बदलणं कुणाच्याही हातात नव्हतं. कंपनीलाही ठाऊक होतं, आणि तिच्या हातात होतं. इथल्या माणसांनी वाईट मालातून शेजारधर्म चालवला, एकमेकांच्या अडचणीला गाड्या काढल्या, सांगून परत ठेवल्या. तो त्यांचा चांगुलपणा. तो कंपनीच्या बाजूनं पुरावा म्हणून वापरला जावा, हे मला पटत नाही.

अपिलाला मुदत तीस दिवसांची होती, जायचं होतं मुंबईच्या राज्य आयोगाकडं. मी नवीन कागद लिहून अंथुर्ण्याला गेले. दोनच पानं. सर म्हणाले होते, तात्यांनी वाचल्याशिवाय सही घ्यायची नाही.

तात्या ओट्यावर बसले, चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. पहिल्याच परिच्छेदात थांबले.

"ह्ये अशिक्षित कोन?"

"तसं लिहिलं तर आयोग जरा..."

"मी सातवी पास हाय. खोडा."

मी खोडलं. पुढं 'कुटुंबाची उपासमार होत आहे' होतं. त्यांनी आत हाक मारून बायकोला विचारलं, "उपासमार हुतीया का गं आपली?" आतून उत्तर आलं, "भाकरी थापतीया, दिसत न्हाय व्हय?" तेही खोडलं. त्याच्या जागी त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं की दहा गावांतली पाच गावं गेली. मग किल्ली विहिरीत पडल्याचं आणि मेव्हण्याची किल्ली वापरल्याचं, दोन वर्षांचं सगळं, त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं आणि मी तसंच उतरवलं.

"तात्या, यानं आपलं नुकसान होईल," मी म्हणाले.

"व्हईल. पन झालंय असंच. आता त्यांनी काय ते ठरवावं."

शेवटी मी माझा मुद्दा वाचून दाखवला: सगळ्यांना ठाऊक होतं आणि बदलता येत होतं ते एकट्या कंपनीला. ते दोनदा ऐकून म्हणाले, "ह्ये पयलं टाका. वर." मी म्हणाले, क्रम बदलला तर सगळं पुन्हा लिहावं लागेल. "मंग लिवा की. म्या हाय हितंच." मी ओट्यावर बसून दोन्ही पानं पुन्हा लिहिली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि सही केली.

अपील दुसऱ्या दिवशी बारामतीहून रजिस्टरनं गेलं. अजून तारीख लागलेली नाही. सही झाल्यावर मी तात्यांना म्हणाले होते, गाडी मिळाली की ती पाच गावं परत धरता येतील. ते टाकी सायकलला बांधत होते, कारण तेवढ्यात वरच्या वस्तीवरून निरोप आला होता. म्हणाले, गाडी मिळावी, ती हक्काचीच हाय. पन ती गावं आता धरू नयेत. तिथल्या गाई आता त्या मोटरसायकलवाल्याच्या हाताला सवकल्यात.